मुलाखतीच्या दालनातील अपयश

व्यवस्थापनशिक्षणाच्या नामवंत संस्थांच्या मुलाखतींचा हंगाम फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो. नोव्हेंबरच्या अखेरीस झालेल्या कॅट परीक्षेतून तावून सुलाखून निघालेले उमेदवार या दिवसांत इस्त्रीचा कोट हातावर टाकून पहाटेच्या गाड्या पकडताना दिसतात. पनवेल स्थानकावर मुंबईकडे आणि पुण्याकडे जाणाऱ्या अशा तरुणांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. मुलाखत पंधरा-वीस मिनिटांची असते. तीत अर्थव्यवस्था, पदवीचे विषय, वर्तमानपत्रातील ठळक बातम्या यांवर प्रश्न होतात आणि त्यांची तयारी करता येते. ज्याच्या तयारीने उमेदवाराची झोप उडते तो प्रश्न निराळा असतो. ‘मधली दोन वर्षे आपण काय करीत होता?’ किंवा ‘पहिली नोकरी आठ महिन्यांत का सुटली?’

जेथे प्रवेश केवळ राज्याच्या सामाईक परीक्षेतील गुणांवर मिळतो तेथे हा प्रसंग येत नाही. मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या १९६५ पासूनच्या मान्यवर संस्थेचा पूर्णवेळ अभ्यासक्रमही आज याच वाटेने भरतो. यंत्रवत गुणानुक्रमाला नावे ठेवणाऱ्यांनी त्याचा हा एक गुण मान्य केला पाहिजे की, तो कोणाच्या जखमेवर बोट ठेवीत नाही. परंतु आयआयएम आणि काही खासगी संस्था यांचा निर्णय मुलाखतीवाचून होत नाही, आणि जुन्या आयआयएमचे दोन वर्षांचे शुल्क आज वीस लाखांच्या पलीकडे गेले आहे. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घरातील मुलगा त्या दालनात बसतो तेव्हा घरावर काढावयाचे कर्जही त्याच्याबरोबर अदृश्यपणे बसलेले असते. तेथे काय सांगावे आणि कसे सांगावे, हा म्हणूनच केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे.

आज या बाबतीत दोन सल्ले प्रचलित आहेत. वडीलधारी मंडळी सांगतात, झाकून न्या. विचारल्याखेरीज बोलू नका. शिकवणीवर्ग सांगतात, अपयशाला झळाळी द्या. ‘त्यातून मी नेतृत्व शिकलो’ अशा वाक्याने शेवट करा. पहिला सल्ला भीतीतून येतो, दुसरा व्यापारातून. दुसऱ्याचा परिणाम असा झाला आहे की, एकाच वर्गातून आलेले दहा उमेदवार दहा निरनिराळ्या आपत्तींमधून अक्षरशः एकच धडा शिकलेले आढळतात. मुलाखत घेणारे प्राध्यापक हे पाठांतर पहिल्या मिनिटात ओळखतात, हे वर्गचालकांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

झाकून नेण्याच्या सल्ल्यामागे मात्र एक प्रामाणिक समजूत आहे. न सांगितलेले कळत नाही, ही. अर्थशास्त्राने या समजुतीचा बारकाईने विचार केला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. विकणाऱ्याला मोटारीचा दोष माहीत असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेव्हा घेणारा प्रत्येक मोटार सदोष असण्याची शक्यता धरूनच किंमत सांगतो आणि चांगल्या मोटारीचा मालकही त्यात भरडला जातो, असा त्याचा आशय. (हा निबंध तीन नियतकालिकांनी परत पाठविला होता आणि त्याच कामासाठी २००१ साली अकरलॉफ नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.) पुढे १९८१ साली सॅनफोर्ड ग्रॉसमन आणि पॉल मिलग्रोम या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, जी माहिती देता येण्यासारखी आणि पडताळता येण्यासारखी आहे ती न दिल्यास ऐकणारा सर्वांत वाईट तेच गृहीत धरतो. मुलाखतीला हे तंतोतंत लागू पडते. अर्जावरील तारखा मंडळापुढे असतातच. जून ते पुढील वर्षाचा ऑगस्ट ही जागा कोरी असेल आणि उमेदवार तिच्याविषयी पुटपुटत असेल, तर ती जागा मंडळ आपल्या कल्पनेने भरते, आणि मंडळाची कल्पना उमेदवाराच्या बाजूने धावेल असे मानण्याचे कारण नाही.

मग जे घडले ते सांगणे फायद्याचे, एवढ्यावर थांबता येईल काय? येत नाही. कारण अपयशाच्या जाती निरनिराळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ करण्याची खोड मंडळांनाही आहे आणि उमेदवारांनाही. रॉबर्ट गिबन्स आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी अमेरिकेतील नोकरी गमावलेल्यांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध केला. कारखाना वा कचेरीच बंद पडल्यामुळे बेकार झालेले आणि मालकाने निवडून कमी केलेले असे दोन गट त्यांनी वेगळे केले. पांढरपेशा कामगारांत निवडून कमी केलेल्यांना पुढच्या नोकरीत वेतनाचा फटका अधिक बसला होता. जग असा तर्क करते की, मालकाने याला ठेवले नाही, त्या अर्थी काही कारण असेल. संपूर्ण कारखानाच बुडाला असेल तर मात्र कोणा एकाकडे बोट दाखविता येत नाही.

या भागातील तरुणांना हा भेद पुस्तकातून शिकावा लागू नये. पनवेलपासून जवळच असलेल्या रसायनीचे नावच रासायनिक कारखानदारीची आठवण देणारे आहे. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा तेथील कारखाना अनेक कुटुंबांचा आधार होता. वर्षानुवर्षांच्या तोट्यानंतर मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो बंद करण्यास मान्यता दिली; अग्निबाणांसाठी लागणारे रसायन तयार करणारा विभाग तेवढा इस्रोकडे सोपविण्याचे ठरले. अशा ठिकाणी उमेदवारीने लागलेल्या एखाद्या पदविकाधारकाची नोकरी गेली, तर त्यात त्याच्या कर्तबगारीचा संबंध किती? १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने जमिनीवर आली ती पुन्हा उडाली नाहीत. तेथील तिकीट-खिडकीवरील मुलीने कंपनीचे कर्ज काढलेले नव्हते. आणि तरीही अशी मुले मुलाखतीत खाली मान घालून, चोरी सापडल्यासारखी बोलतात. ‘कारखाना बंद झाला’ हे तीन शब्द, त्यापुढे वर्ष आणि कारण, एवढे सरळ उत्तर त्यांच्या तोंडून निघत नाही. नोकरी जाणे म्हणजे अब्रू जाणे, हे घरोघरचे समीकरण त्यांच्या जिभेवर बसलेले असते.

खुद्द पनवेलच्या इतिहासाकडे पाहिले तरी ही मान वर व्हावी. मुंबई आणि घाटमाथा यांच्यामधील व्यापाराचे हे बंदर होते. माल येथे गलबतांतून उतरे आणि बैलगाड्यांनी बोरघाट चढे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली ती कल्याण-कर्जतच्या वाटेने, आणि व्यापाराने पनवेलला वळसा घातला. गावाला रेल्वे मिळाली ती १९६० च्या दशकात. शंभर वर्षांच्या या पीछेहाटीबद्दल पनवेलच्या व्यापाऱ्यांचे नेतृत्वगुण कमी पडले, असे कोणी म्हणत नाही.

आता उलट बाजू. सर्वच अपयश बाहेरून येत नाही, आणि जे स्वतःच्या हातून घडले ते परिस्थितीवर ढकलणारा उमेदवार मंडळाला नकोसा वाटतो, यात मंडळाची चूक नाही. येथे एक काल्पनिक उदाहरण हिशेबासह मांडलेले बरे. समजा, वाणिज्य शाखेच्या एका पदवीधराने मित्राबरोबर अडीच लाख रुपये भांडवल घालून तळोज्याच्या कारखान्यांना जेवणाचे डबे पुरविण्याचा व्यवसाय केला. डब्यामागे खर्च साठ रुपये, विक्री सत्तर. भाजी, गॅस आणि स्वयंपाकिणींचा पगार रोखीचा. कारखान्यांकडून पैसे दोन महिन्यांनी. दिवसाला ६० डबे होते तोवर महिन्याच्या पंचवीस दिवसांच्या हिशेबाने एक लाख ऐंशी हजार रुपये उधारीत अडकत आणि भांडवल पुरत असे. धंदा वाढून डबे १२० झाले तेव्हा अडकणारी रक्कम तीन लाख साठ हजार झाली. एक लाख दहा हजारांची तूट दरमहा तीन टक्क्यांच्या सावकारी कर्जाने भरली. कागदावर महिन्याला तीस हजार नफा दिसत होता. अशात ७० डबे घेणाऱ्या मोठ्या ग्राहकाने चार महिने पैसे दिले नाहीत, आणखी दोन लाख अडकले आणि चौदाव्या महिन्यात चूल विझली.

हा तरुण मुलाखतीत दोन प्रकारे बोलू शकतो. ‘बाजारपेठेची परिस्थिती प्रतिकूल होती, भागीदाराचे सहकार्य लाभले नाही, परंतु या अनुभवाने माझ्यातील चिकाटी वाढली,’ हा एक प्रकार. यातील एकही शब्द खोटा नसेल आणि तरीही ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. दुसऱ्या प्रकारात तो वरचेच आकडे सांगेल आणि म्हणेल, ‘डबे दुप्पट केले तेव्हा उधारीही दुप्पट होणार हे मी मांडून पाहिले नाही. नफा आणि हातातील रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी परीक्षेत लिहिले होते. स्वतःच्या वहीत मात्र पाहिले नाही. ग्राहकाने पैसे अडविले हा त्याचा दोष. एकाच ग्राहकावर निम्म्याहून अधिक धंदा टाकला हा माझा.’ मंडळातील एखादे सदस्य विचारतील, ‘सूक्ष्म उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत चुकते करण्याचे बंधन घालणारा २००६ चा कायदा ठाऊक होता का?’ नसेल, तर ‘नव्हता, व्यवसायाची नोंदणीही केली नव्हती,’ हे उत्तर पुरेसे आहे. कर्ज फिटले की नाही, स्वयंपाकिणींचा शेवटचा पगार दिला की नाही, हेही विचारले जावे. अशा दहा मिनिटांत व्यवस्थापनशास्त्राच्या पहिल्या सत्रातील खेळत्या भांडवलाचा धडा दालनात उभा राहतो, आणि तो सांगणारा विद्यार्थी त्या वर्गात असावा की नसावा, याचा निर्णय करणे अवघड राहत नाही.

येथे शिकवणीवर्गांच्या आणखी एका नियमाची दखल घेतली पाहिजे. पूर्वीच्या मालकाविषयी चकार शब्द वाईट काढावयाचा नाही, असा तो नियम आहे. सामान्यतः तो शहाणपणाचा आहे, कारण तक्रारखोर माणसाची तक्रार खरी असली तरी कंटाळवाणी होते. परंतु मालक खरोखरच अन्यायी असेल तर काय? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान चालविले. पुढे लोखंडी नांगर केले, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी ते घेईनात. त्यातून वर येतात तोच बेळगावच्या नगरविस्तारात कारखान्याची जागा गेली, आणि औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आजच्या अर्जाच्या भाषेत हे सर्व लिहिले तर नोकरी सोडली, माल खपला नाही, जागा गमावली असे तीन कलंक होतात. पहिल्याचे कारण विचारले असते तर लक्ष्मणरावांनी वर्गचालकांच्या नियमाप्रमाणे ‘नवी आव्हाने स्वीकारण्यासाठी’ असे उत्तर द्यावयास हवे होते काय? जे घडले ते विशेषणांवाचून सांगता येते. पद कोणते, ज्येष्ठता कोणाची, नेमणूक कोणाची, एवढे तीन तपशील पुरेत. अन्याय हा शब्द ऐकणाऱ्याने मनात उच्चारावा.

पनवेलसारख्या गावातून येणाऱ्या उमेदवारांत एक वर्ग स्पर्धापरीक्षांमधून परतलेल्यांचा असतो आणि त्याची स्थिती सर्वांत केविलवाणी आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि निवड हजाराच्या आगेमागे होते. बाकीच्यांनी त्या तीन-चार वर्षांत काय केले, याचा पुरावा एकही नसतो. राज्य आयोगाच्या उमेदवारांनी तर तारखांचा खेळही सोसला. ५ एप्रिल २०२० रोजी व्हावयाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा महासाथीमुळे आणि इतर कारणांनी पुन्हा पुन्हा पुढे गेली. १४ मार्च २०२१ ही तारीखही ऐनवेळी रद्द झाली तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि अखेर ती २१ मार्चला झाली. या मुलांच्या आयुष्यातील त्या कोऱ्या वर्षावर सरकारी शिक्का आहे. तरीही व्यवस्थापनसंस्थेच्या मंडळापुढे त्यांना विचारले जाते, ‘म्हणजे तिकडे जमले नाही म्हणून इकडे?’ प्रश्नाचे खरे उत्तर ‘होय’ असेच आहे आणि ते देण्यास लाजण्याचे कारण नाही. परंतु त्या पुढे ‘तिसऱ्या प्रयत्नानंतर थांबावयाचे हे कधी ठरविले आणि कशावरून?’ हे सांगता आले पाहिजे. केव्हा थांबावे हे कळणे, गेलेली वर्षे परत येत नाहीत म्हणून त्यांच्यावर आणखी वर्षे न लावणे, हा बुडीत खर्चाचा सिद्धान्त आहे; आणि पदरचे वय घालवून तो शिकलेल्याला कमी लेखणाऱ्या प्राध्यापकाने स्वतः तो कोठे शिकला, असा प्रतिप्रश्न मनात येतो.

मंडळांविषयी थोडे अधिक बोलणे प्राप्त आहे, कारण आतापर्यंतचा सारा उपदेश उमेदवारालाच झाला. कॉरी क्रॉफ्ट, फेबियन लँग आणि मॅथ्यू नोटोविडिग्डो यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील सुमारे तीन हजार जागांसाठी सुमारे बारा हजार काल्पनिक अर्ज पाठविले. अर्जदाराची बेकारी जसजशी लांबत गेली तसतशी मुलाखतीची बोलावणी कमी झाली, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच झाली. मात्र ज्या शहरांत बेकारी सर्वत्रच अधिक होती तेथे मालकांनी दीर्घ बेकारीला तेवढा दोष दिला नाही. याचा अर्थ असा की, निवड करणारे इच्छा असेल तर परिस्थिती लक्षात घेऊ शकतात. आपल्या मंडळांना २०२० च्या टाळेबंदीत सुटलेली नोकरी आणि तेजीच्या वर्षात सुटलेली नोकरी यांत फरक करणे अशक्य नाही. त्यासाठी उमेदवाराच्या तालुक्यात त्या वर्षी काय घडले हे ठाऊक असावे लागते, किंवा निदान विचारावे लागते.

प्रत्यक्षात अपयशाकडे पाहण्याची मंडळांची दृष्टी दुटप्पी आहे. मोठ्या शहरातील, सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्या तरुणाचा बुडालेला उद्योग ‘धाडस’ ठरतो. तळोज्याचे डबे बुडाले तर तो ‘अनुभवाचा अभाव’ असतो. एकाला वडिलांनी पुन्हा भांडवल दिलेले असते, दुसऱ्याच्या आईचे दागिने गहाण पडलेले असतात, आणि हा दुसरा आपले दुःख परक्या भाषेत सांगताना अडखळतो. मुलींच्या बाबतीत तर अर्जातील खंडाचा प्रश्न विवाह आणि अपत्य यांच्या दिशेने हटकून वळतो. तीच दोन वर्षे घरी आजारी वडिलांची शुश्रूषा करणाऱ्या मुलाला मात्र सहानुभूती मिळवून देतात. शिवाय अनेक आयआयएम आपल्या निवडीत दहावी-बारावीच्या गुणांनाही भार देतात. पंधराव्या वर्षी तापात दिलेल्या एका परीक्षेचा हिशेब पंचविसाव्या वर्षी पुन्हा मांडला जातो, आणि त्याविषयी दोन शब्द बोलण्याची संधी मुलाखतीत मिळाली नाही तर ती कोठेच मिळत नाही.

सांगण्यालाही मर्यादा आहे, हे मात्र उमेदवाराने विसरू नये. स्वतःचा वा घरच्यांचा आजार, घटस्फोट, घरातील मृत्यू या गोष्टी गुण मिळविण्याचे चलन नव्हेत. ‘घरगुती अडचणीमुळे एक वर्ष गेले, ती अडचण आता संपली आहे,’ एवढे सांगून थांबण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि त्यापुढे खोदून विचारणाऱ्या सदस्याला अध्यक्षांनी तेथेच आवरले पाहिजे. अलीकडे मात्र उलट प्रकार दिसतो. मन हेलावणारी कहाणी नसेल तर आपला निभाव लागणार नाही, या धास्तीने सुखवस्तू घरातील मुलेही एखादे दुःख शोधून आणतात.

संस्थांना करता येण्यासारख्या गोष्टी फारशा खर्चिक नाहीत. अर्जातच खंडाच्या कारणासाठी चार ओळींची जागा द्यावी, म्हणजे मंडळ ते आधी वाचून बसेल आणि उमेदवाराला पहिले वाक्य अंगावर काटा येत असताना उच्चारावे लागणार नाही. मुलाखतीचे गुण कोणकोणत्या बाबींना कसे दिले जातात, ते माहितीपत्रकात छापावे. खंडाविषयी पुरुषाला जो प्रश्न विचारला जात नाही तो स्त्रीला विचारू नये. पनवेल, खोपोली, अलिबाग येथील महाविद्यालयांनीही शिकवणीवर्गांवर सर्व भार न टाकता आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे उद्योग बुडाले, ज्यांचे कारखाने बंद झाले, त्यांना वर्षातून दोनदा वर्गात बोलवावे. सत्कारासाठी नव्हे, हिशेब मांडण्यासाठी. २५ डिसेंबर २०२५ पासून पनवेलच्या उंबरठ्यावरील नव्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आहेत. तेथे कंत्राटी पद्धतीने लागणाऱ्या मुलांपैकी काहींची कंत्राटे दोन-तीन वर्षांत संपतील, आणि त्यांच्यातील काही जण पहाटेच्या गाडीने मुलाखतीला निघतील. कंत्राट संपण्याची तारीख त्यांच्या नेमणूकपत्रावर पहिल्या दिवसापासून छापलेली असेल. ते पत्र त्यांनी फाईलमध्ये जपून ठेवावे आणि मंडळाने ते मागून वाचावे.